दर शंभर ग्रॅम खिचडीत

पौष लागला की आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक येतं आणि माझं डोकं फिरतं. बाकीचं नाशिक या दिवसांत सुखात असतं. लोक कोवळ्या उन्हात खुर्च्या टाकून चहा पितात, द्राक्षांच्या पहिल्या पेट्या बाजारात दिसायला लागतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे मुद्दाम या थंडीसाठी येतात. मी मात्र स्टाफरूमच्या गारठलेल्या फरशीवर पाय चोळत ते पत्रक वाचत असते. यंदा पुन्हा विषय आला, आहार आणि आरोग्य. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "मॅडम, तुमचं ते लेबलाचं करा ना परत. तयारच आहे की."

तयार आहेच. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी काचेच्या फ्रेममध्ये तीन वर्षं टांगलेलं आहे. 'शालेय पोषण आहार, मूगडाळ खिचडी. दर शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं चार ग्रॅम, एका ताटात वीस ग्रॅम.' खाली चार मुलींची नावं, त्यांच्याखाली मार्गदर्शक म्हणून माझं. तपासणीला कोणी आलं की मोठे सर आधी तिकडे नेतात. पाहुणे मान डोलावतात, मोबाइलवर फोटो काढतात. मी त्या वेळी काहीतरी निमित्त काढून वर्गात जाते.

कारण त्या लेबलाचा धडा माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यात चांगला धडा होता, आणि त्या धड्यामुळे माझ्या नववीतली चौदा मुलं दुपारची उपाशी राहायला लागली. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

सुरुवात रिकाम्या पाकिटांनी झाली होती. आमची शाळा अंबडच्या कारखान्यांपासून चालत पंधरा मिनिटांवर. पाचवी ते दहावी, दहावी सकाळी भरते, बाकीचे वर्ग दुपारी. मुलांचे वडील कंपनीत, बरेचसे ठेकेदाराकडे. कोणी सिन्नरकडून आलेले, कोणी पेठ-सुरगाण्याकडून. या मुलांच्या दप्तरात पुस्तक एखादं कमी असेल, पण दहा रुपयांचं कुरकुरीत खाऊचं पाकीट हमखास असतं. मी म्हटलं, घेऊन या सगळी पाकिटं. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग पडला. तिखट मसाल्याचा आणि शिळ्या तेलाचा वास आठवडाभर वर्गातून गेला नाही. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरून वारा असा यायचा की फळ्यावर लिहिताना बोटं वळायची नाहीत.

"मागच्या बाजूला बारीक अक्षरात तक्ता आहे. तो वाचा," मी म्हटलं.

"मॅडम, सर्व्हिंग म्हणजे काय?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"एका माणसानं एका वेळी खायचं प्रमाण. यावर लिहिलंय वीस ग्रॅम."

"वीस ग्रॅम म्हणजे किती?"

आम्ही एक भरलेलं पाकीट फोडून मोजलं. सहा-सात तुकडे भरले. वर्ग खो-खो हसत सुटला. "मॅडम, सात तुकडे खाऊन पाकीट रबर लावून कोण ठेवतं? फोडलं की संपवायचंच असतं." मीही हसले. मग ओरडले, कारण हसण्याच्या गडबडीत दोघांनी नमुनाच खाऊन टाकला होता.

त्या पंधरा दिवसांत मी किती ओरडले असेन याची गणती नाही. घरचा एखादा पदार्थ घ्या, त्यात काय काय आणि किती पडतं ते आईला विचारा, वजन करा, मी दिलेल्या तक्त्यावरून आकडे काढा आणि लेबल तयार करा, एवढं साधं काम दिलं होतं. काय काय आलं! चिवड्याच्या लेबलावर, 'ऊर्जा: भरपूर.' भाकरीच्या लेबलावर, 'पीठ: लागेल तेवढं.' एका महाभागानं लाडवावर लिहिलं, 'कोलेस्टेरॉल नाही, कारण आई घालत नाही.' एकानं बिस्किटाच्या पुड्यावरचा तक्ता जसाच्या तसा उतरवून वर 'घरगुती शंकरपाळी' असं ठोकून दिलं होतं. मी वह्या आपटल्या. चमचाभर म्हणजे कुठला चमचा, मूठभर म्हणजे कोणाची मूठ, असं वर्गाला विचारत सुटले. आज वाटतं, त्या वह्यांत खरं तेच होतं. आईनं खरोखर लागेल तेवढंच पीठ घेतलं होतं. पण मला आकडा हवा होता.

शेवटी वैतागून मीच ठरवलं. सगळ्यांच्या समोर शिजणारी एकच गोष्ट घेऊ, शाळेची खिचडी.

शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याचं स्वयंपाकघर आहे आणि त्यापुढे लांबलचक व्हरांडा. साडेबाराच्या सुमाराला तिथून हळदीचा आणि मोहरी-जिऱ्याच्या फोडणीचा वास निघतो आणि सगळ्या वर्गांचं लक्ष उडतं. सरकारी नियमाप्रमाणे हा आहार पाचवी ते आठवीच्या मुलांना. नववी चढलं की बंद. जूनमध्ये एका दिवसात मुलाची भूक आटते असा सरकारचा काहीतरी शोध असावा. खिचडी करतात हिराबाई. पेठकडच्या. नवऱ्यामागे अंबडला आल्या आणि राहिल्या. बुटक्या, दंडावर गोंदण, कमरेला पदर खोचलेला, हातात कोपरभर लांब डाव. मुलं त्यांना मावशी म्हणतात.

आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये डबे खातो. रोज एकानं खिचडीची चव बघून सही करायची असते, तर वाटी आमच्याकडेच येते. चमचाभर तोंडात टाकायची, सही करायची. व्हरांड्यात जेवणाच्या वेळी कोण कोण बसतं हे बघायला मी तोवर कधी गेले नव्हते. हे वाक्य लिहितानाही मला माझाच राग येतोय.

कामाला चार मुली निवडल्या. त्यांची म्होरकी तनुजा. किडकिडीत, गालांवर थंडीनं पांढरे चट्टे, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंतच पोचणाऱ्या. गणितात वर्गात पहिली. तिच्या मामांच्या किराणा दुकानातून मोठा काटा आणला. त्या दिवशी पाचवी ते आठवीची हजेरी एकशे वीस भरली. हिराबाईंनी माणशी ठरलेल्या मापानं तांदूळ, डाळ, तेल, भाजी घेतली, मुलींनी सगळं लिहून घेतलं. शिजल्यावर वाढायच्या बादल्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. बरोबर साठ किलो खिचडी झाली. म्हणजे माणशी अर्धा किलो, आणि तक्त्याप्रमाणे ताटाला वीस ग्रॅम प्रथिनं. नियमात जितकी हवीत तितकीच. इतका सुरेख आकडा बघून मला आनंदानं काही सुचेना.

"आता प्रत्यक्ष वाढलेलं ताट मोजा," मी म्हटलं. "दहा ताटं. तीन दिवस."

तीन दिवसांनी तनुजा वही घेऊन आली. लहानांची ताटं कमी आणि मोठ्यांची जास्त भरतील, सरासरी पाचशेच येईल, असं मी धरलं होतं. पण तिनं सरळ सांगितलं, "मॅडम, सगळ्यांना सारखंच वाढतात. चारशे अठ्ठेचाळीस ग्रॅम. प्रथिनं अठरा येतात. दोन कमी."

"परत मोज."

"तीनदा मोजलं."

मी फळ्यावर गुणाकार मांडला. प्रत्येक ताटामागे बावन्न ग्रॅम कमी, एकशे वीस ताटं. सहा किलोच्या वर खिचडी रोज कुठेतरी जात होती. वर्गाकडे वळले तेव्हा मला चांगलंच स्फुरण चढलं होतं. लेबलाचा खरा उपयोग हाच, मी म्हणाले. आतला माल आणि वरचा आकडा जुळला नाही तर समजायचं, मधे कोणीतरी हात मारतंय. आणि मग, धडा रंगात आला की जीभ सुटते तसं, बोलून गेले, "रोज सहा किलो कोणीतरी खातंय. लहान मुलांच्या ताटातलं खाणाऱ्याला लाज वाटायला हवी."

बऱ्याच माना खाली गेल्या. मला वाटलं, पोरं विचारात पडली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तनुजा वहीत काहीतरी खोडत होती.

संशय अर्थात हिराबाईंवर होता. दुपारनंतर मी स्वयंपाकघरात गेले. त्या टोप घासत होत्या. कोपरापर्यंत राख, पाण्यानं लाल झालेले हात. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "हिराबाई, वजनात सहा किलोचा फरक येतोय."

"येत असंल," त्या घासता घासताच म्हणाल्या. "माझा डाव काय मशीन हाय का?"

"फरक रोज येतो. तुम्ही घरी काही नेता का?"

त्यांचे हात थांबले. माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच नजर वळवली. "नाय मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि टोप उलटा करून पाणी ओतलं. माझ्या साडीच्या काठावर उडालं. मुद्दाम की चुकून, ते त्यांनाच ठाऊक.

मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अठरा लिहून प्रदर्शनात लावणार? साहेब लोक येतात तिथे. हिराबाईंना घरी बसवतील, मला नोटीस येईल. वीस लिहा की. कच्च्या मालावर वीसच येतंय ना?" मी तावातावानं म्हटलं, खोटं लेबल मी मुलांना करायला लावणार नाही. आठ दिवसांनी परत वजन करू. तोवर ज्यानं त्यानं सुधारावं, नाही तर अठराच छापू. केबिनच्या बाहेर नोटिसा लावायला तनुजा आणि तिची मैत्रीण उभ्या होत्या. दार उघडंच होतं. ते नीट लागतच नाही, पावसाळ्यात लाकूड फुगलेलं.

आठ दिवसांनी वजन केलं. पाचशे ग्रॅम. दहाच्या दहा ताटं पाचशेच्या आगेमागे. प्रथिनं वीस.

मी किती खूश झाले ते काय सांगू! वर्गात येऊन टाळ्या वाजवायला लावल्या. "बघितलंत? साध्या लेबलाची ताकद बघितलीत?" टाळ्या पडल्या, जरा विरळच. मला वाटलं, थंडीनं हात आखडलेत. प्रदर्शनात आमच्या तक्त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी तनुजाला विचारलं, "बाळ, यातून तू काय शिकलीस?" ती म्हणाली, "मोजायला." सगळ्यांना ते उत्तर फार आवडलं.

मग एका शनिवारी, संक्रांत होऊन गेल्यावर, मी काटा परत न्यायला मागच्या बाजूला गेले. मुलं जेवून उठली होती. व्हरांड्याच्या कडेला दोन बादल्या होत्या, जवळजवळ अर्ध्या भरलेल्या. हिराबाई एक बादली कुंपणापलीकडे रिकामी करत होत्या. तिथे दोन गाई आणि चार-पाच कुत्री हजरच होती.

"हे काय? एवढी उरते?"

"पाचवीचं एवढंसं पोरगं अर्धा किलो खिचडी कुठं खाणार मॅडम? तुमच्या काट्याला बरं वाटावं म्हणून वाढते. पोरं टाकून उठतात."

"आधी उरत नव्हती?"

हिराबाईंनी बादली खाली ठेवली. इतके दिवस धरून ठेवलेलं बाहेर आलं. "आधी खाणारं तोंड होतं. तुमच्या वर्गातली चौदा पोरं होती. आठवीपर्यंत माझ्या हातचं खाल्लं, नववीत गेली म्हणून दारात उभी राहिली तर नाय म्हणू? त्यांच्या आया सकाळी सहाला कामावर जातात. डबा कोण देणार? सगळ्यांच्या ताटातला एकेक घास कमी केला की चौदा ताटं निघायची. कुणाला कमी पडत नव्हतं, कुणाचं वाया जात नव्हतं. तुम्ही काय शिकवलं पोरांना, देवाला ठाऊक. त्या दिवसापासून एक जेवायला बसत नाय. हाक मारली तर म्हणतात, भूक नाय मावशी."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पोरांची नावं घेऊ? नियमात बसत नाय ते. मला चोर म्हणालात ते परवडलं."

मी तिथल्या पायरीवर बसले. गाईंच्या जिभांचा खरखर आवाज येत होता. समोरच्या कंपनीचा पाळी बदलायचा भोंगा झाला, माणसं सायकली आणि मोटारसायकलींवरून जायला लागली. त्यांतले कितीजण माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप असतील, असा विचार मनात आला. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. स्वतःचा तर येतच होता, पण त्याहून जास्त, ज्या गोष्टीवर माझा इतका विश्वास होता तिचा. आम्ही साठ किलोंचा चोख हिशोब लावला, दर शंभर ग्रॅमला चार ग्रॅम. कोणाच्या पोटात काय गेलं याला त्या चौकोनात रकानाच नव्हता. लेबलावर पदार्थाची सगळी माहिती असते, खाणाऱ्याची नसते. इतकी साधी गोष्ट मला चौदा मुलांच्या उपाशी पोटानं शिकावी लागली.

सोमवारी मी तनुजाला एकटीला गाठलं. त्या चौदांत तीही होती. माझ्याच फळ्यावर माझ्याच खडूनं जी सहा किलो मांडली गेली, त्यांतलं आपलं ताट तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. तरी तिनं आकडा लपवला नव्हता.

"उद्यापासून जेवायला बसायचं. सगळ्यांनी. मी सांगतेय," मी म्हटलं. आवाज नको तेवढा चढला होता.

"नको मॅडम. मग लेबल खोटं होईल."

"होऊ दे खोटं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. ज्या बाईनं पंधरा दिवस चमच्याचं माप विचारून जीव नकोसा केला, ती आता म्हणतेय होऊ दे खोटं. तिनं मान खाली घातली. "भूक नसते मॅडम," म्हणाली आणि गेली.

मोठ्या सरांकडे गेले. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. शिपायालासुद्धा ठाऊक होतं. व्हरांड्याकडे पाठ करून डबा खाणारी मी एकटीच. सर म्हणाले, "मॅडम, आता सगळं नियमात बसलंय. पूर्वी चालत होतं, कोणी विचारत नव्हतं. आता तुम्हीच मोजून भिंतीवर लावलंय. परत कसं मोडायचं?" फ्रेम काढा म्हटलं तर म्हणाले, बक्षीस मिळालेलं आहे.

मग मी नाना खटपटी केल्या. चिक्कीचे पुडे आणले, मुलांनी 'थँक्यू मॅडम' म्हणून एकेक तुकडा घेतला आणि लाजून बाकी परत केला. घरून जास्तीचा डबा आणला, तो स्टाफरूममध्येच संपला. संस्थेला पत्र लिहिलं, उरलेलं अन्न वरच्या वर्गांना देण्याची परवानगी मागितली. पत्राला उत्तर यायचं आहे. तनुजाचा वर्ग दहावीत गेला, सकाळच्या सत्रात गेला, पास होऊन बाहेर पडला. मला वाटलं, पुढची नववी आपोआप मावशींकडे जाईल. गेली नाही. एका वर्गानं मोडलेली रीत पुढच्या वर्गापर्यंत पोचतच नाही. आठवीत असतानाच त्यांनी नववीतल्यांना तिथून उठून जाताना पाहिलं होतं. नववीत गेलं की जेवायचं नसतं, हे त्यांना आता घंटेइतकं साधं वाटतं. मधल्या सुट्टीत ती नळावर गर्दी करतात, पाणी पितात आणि भिंतीला टेकून ऊन खात बसतात. मी वरच्या मजल्यावरून बघते. पाण्यानं भरलेली पोटं चौथ्या तासाला किती वेळा उठून बाहेर जायला मागतात, ते विज्ञानाच्या कुठल्याही शिक्षकाला कळावं.

परवा संक्रांतीला तनुजा घरी आली. बारावीत आहे आता. उंच झालीय, स्वेटर मापाचा आहे. हातावर तिळगूळ ठेवून पाया पडली. चहा झाला, क्लासच्या गप्पा झाल्या. मग मी विचारलंच. "तेव्हा तुला किती राग आला असेल माझा."

"राग नव्हता मॅडम. हिशोब केला होता मी." ती हसली. "तुम्ही आठ दिवसांची मुदत दिली ना, त्या रात्री सगळे आकडे मांडले. आम्ही चौदाजण. चौदाही उठलो तर ताटाला बरोबर वीस येत होते. पण तेराजण उठले तरी एकोणीस पूर्णांक आठ यायचे. लेबलावर पूर्णांकातच लिहायचं होतं, म्हणजे वीसच. एकाला जागा होती."

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"मी कोणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "दोन दिवस विचार केला. मी एकटी बसले असते तरी लेबल खरंच राहिलं असतं. घरी सकाळचं काही नसायचं तेव्हा. तिसऱ्या दिवशी गेलेसुद्धा होते व्हरांड्यात. मावशींनी ताट दिलं. पण मॅडम, बाकीचे तेरा नळावर उभे. एकटीनं कसं खायचं?"

ती गेल्यावर मी कपबशा विसळायला घेतल्या. तीन वर्षं मी या मुलांना परवानग्या, पुडे आणि डबे दाखवत होते. एकदाही त्यांच्याजवळ जाऊन बसले नव्हते.

काल मधली सुट्टी झाली तशी मी डबा टेबलावरच ठेवला आणि मागे गेले. मोठ्या सरांना जाताना सांगितलं, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. व्हरांड्यात पाचवी-सहावीची चिमणी पोरं रांगेनं बसली होती. मी रॅकमधून एक ताट घेतलं आणि त्यांच्या पलीकडे, नळाच्या समोरच, फरशीवर मांडी घातली. फरशी बर्फासारखी गार होती, गुडघे कुरकुरले. मुलं माझ्याकडे बघून कुजबुजायला लागली. नळावर नववीचा घोळका होता. त्यांनीही पाणी प्यायचं थांबवून बघितलं. मी मघाशी वर्गातून निघताना त्यांना म्हटलं होतं, चला जेवायला. एकही हललं नव्हतं.

हिराबाई बादली घेऊन आल्या. त्या दिवसानंतर आम्ही दोघी कामापुरत्याच बोलायचो. माझ्याकडे बघितलं, नळाकडे बघितलं. डाव भरून माझ्या ताटात खिचडी घातली, वाफ माझ्या चष्म्यावर आली. मग कंबरेवर हात ठेवून त्या नळाच्या दिशेनं, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "काय रं पोरांनो, मॅडमला एकटीला जेवायला बसवता? लाज नाय वाटत? या की इकडं!"

कोणीतरी नळ बंद केला. मी घास उचलला नाही. थांबले.